दोन डॅकच्या आवाजाची घरच्या घरी पारख कशी करावी?

श्रवणभक्त (जुळे सोलापूर)

नमस्कार मंडळी. मी घरी मुख्यतः ख्यालगायन आणि नाट्यसंगीत ऐकतो. माझ्याकडे दोन चॅनलचा साधा अ‍ॅम्प्लिफायर, शेल्फवर मावतील असे स्पीकर आणि लॅपटॉपला यूएसबीने जोडलेला एक छोटा, स्वस्तातला डॅक (डिजिटल फाइलचे अ‍ॅम्प्लिफायरला लागणाऱ्या ध्वनिसंकेतात रूपांतर करणारे उपकरण) आहे. अलीकडे त्याच्या कितीतरी पट किमतीचा दुसरा डॅक मी ऑनलाइन मागवला असून तो परत करण्याची मुदत अजून शिल्लक आहे. नवा डॅक जोडल्याबरोबर आवाज अधिक खुला, गायकाचा श्वास अधिक जवळचा आणि तानपुऱ्याची जवारी अधिक दाट वाटली. घरच्यांचेही मत तसेच पडले. मात्र किंमत, अ‍ॅल्युमिनियमचे जड खोके आणि विक्रेत्याने केलेले वर्णन हे सारे मनात असताना बनलेल्या या मतावर कितपत विसंबावे, हे मला ठरवता येत नाही.

अशी उपकरणे शेजारी शेजारी मांडून ऐकवणारे दुकान मला आपल्या गावात आढळले नाही. पुण्याला जायचे म्हटले तर अडीचशे किलोमीटर जाऊन परक्या खोलीत, परक्या स्पीकरवर ऐकायचे आणि त्यावरून आपल्या घरचा निर्णय घ्यायचा, हे मला पटत नाही. म्हणून पारख घरीच करायची आहे आणि ती अशी करायची आहे की नंतर मनात किंतु राहू नये.

तुलनेची विश्वासार्ह पद्धत कोणती, परीक्षणांत ज्या ‘सिनाड’ (सुराच्या मानाने गोंगाट आणि विकृती किती खाली आहेत हे सांगणाऱ्या) आकड्यावरून क्रमवारी लावतात त्याचा प्रत्यक्ष ऐकण्याशी किती संबंध आहे आणि लॅपटॉप चार्जिंगला लावला की नव्या डॅकमधून स्पीकरमध्ये येणारी बारीक गुरगुर हा डॅकचा दोष समजावा की माझ्या घराच्या वायरिंगचा, या तीन गोष्टींबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

विद्युत्दुरुस्ती (अशोक चौक)

श्रवणभक्त साहेब, नमस्कार. गुरगुरीबद्दल सवडीने लिहितो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र लगेच द्यायला हवे, कारण तेथे चूक राहिली तर पुढच्या सगळ्या चर्चेला अर्थ उरणार नाही.

ऐकायला बसण्यापूर्वी दोन्ही डॅकच्या आवाजाची पातळी सारखी करून घ्या. सीडी प्लेअरच्या काळापासून घरगुती उपकरणांचे लाइन आउटपुट पूर्ण पातळीच्या सुराला २ व्होल्ट असावे असा प्रघात आहे, पण तो सगळेच काटेकोर पाळत नाहीत. यूएसबीवरच चालणारे काही छोटे डॅक १ व्होल्टच्या आसपास देतात, तर काही मोठे डॅक २ व्होल्टच्या बरेच वर जातात. एकाने २ आणि दुसऱ्याने २.३ व्होल्ट दिले, तर फरक सुमारे १.२ डेसिबलचा होतो. एवढा फरक कानाला ‘आवाज वाढला’ असा जाणवत नाही. तो ‘जास्त स्पष्ट’, ‘जास्त जवळ’, ‘जास्त भरीव’ असा जाणवतो. त्याला शरीरशास्त्रीय कारण आहे. आवाज मोठा झाला की खर्जाला आणि टिपेच्या झळाळीला आपला कान मध्यम स्वरांच्या मानाने अधिक दाद देतो, त्यामुळे पातळीतला फरक स्वरूपातला फरक म्हणून कानी पडतो. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या उपकरणांबद्दल लोक जी विशेषणे वापरतात, त्यांतली पुष्कळशी मीटर लावला की डेसिबलमध्ये उतरतात, हा माझा धंद्यातला अनुभव आहे.

मोजणी अशी करावी. ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये १०० हर्ट्झचा शुद्ध सूर तयार करा. एरवी अशा कामाला १ किलोहर्ट्झ घेतात, पण साधे मल्टिमीटर एसी व्होल्टेज काही शे हर्ट्झपर्यंतच नेमके दाखवतात, म्हणून खालचा सूर बरा. अ‍ॅम्प्लिफायर चालू ठेवून त्याचा व्हॉल्यूम शून्यावर आणा, म्हणजे डॅकवर खरा भार राहील आणि स्पीकर सुरक्षित राहतील. एका आउटपुटला दोन टोके देणारी वाय-जोड केबल लावून तिच्या मोकळ्या टोकावर व्होल्टेज पाहा. आधी डावा चॅनल, मग उजवा. बाजारात सर्रास मिळणारा पिवळा स्वस्त मीटर येथे चालणार नाही, कारण त्याची एसीची सर्वांत लहान श्रेणी २०० व्होल्टची असते आणि तो ०.१ व्होल्टपेक्षा बारीक फरक दाखवू शकत नाही. आपल्याला ०.१ डेसिबलच्या आत यायचे आहे आणि २ व्होल्टवर ०.१ डेसिबल म्हणजे जेमतेम २३ मिलिव्होल्ट. त्यामुळे एसीची २ किंवा ६ व्होल्टची श्रेणी असलेला मीटर कोणाकडून तरी मागून आणा.

जो डॅक जास्त व्होल्टेज देतो, त्याची पातळी प्लेअर सॉफ्टवेअरमधून ०.१ डेसिबलच्या पायऱ्यांनी खाली आणा. आउटपुट २४ बिटवर ठेवले असेल तर दीड-दोन डेसिबल उतरवल्याने ऐकण्यापुरते काहीही बिघडत नाही. आणखी एक गोष्ट तपासा. विंडोजमध्ये प्रत्येक डॅकसाठी सॅम्पलिंगचा दर (सेकंदाला ध्वनीचे किती नमुने, तो आकडा) वेगळा ठरवलेला असू शकतो. एकावर ४४.१ आणि दुसऱ्यावर ४८ किलोहर्ट्झ असेल तर सीडीच्या दर्जाची फाइल एका वाटेवर जशीच्या तशी जाते आणि दुसऱ्या वाटेवर रूपांतर होऊन जाते. मग तुम्ही डॅकऐवजी विंडोजच्या मिक्सरची परीक्षा घेत बसाल. दोन्हीकडे एकच दर ठेवा, ध्वनी ‘सुधारणारे’ सगळे पर्याय बंद करा आणि शक्य असल्यास प्लेअरला डॅकवर एकट्याचा ताबा देणारी पद्धत निवडा.

मंद्रसप्तक (विजापूर रोड)

वर लिहिलेली पातळी समान करण्याची सूचना योग्यच आहे आणि ती मी स्वतःही पाळतो. मात्र तेवढ्यावर पारख पूर्ण होते, असे मला वाटत नाही. मी रेझिस्टरच्या शिडीवर आधारलेला, ज्याला आर-टू-आर म्हणतात तो डॅक वापरतो आणि त्यात ओव्हरसॅम्पलिंगचे, म्हणजे दोन नमुन्यांच्या मधली मूल्ये गणिताने भरणारे, फिल्टर बंद ठेवतो. आजच्या बहुतेक डॅकमध्ये डेल्टा-सिग्मा पद्धतीची चिप असते. तिचा आवाज स्वच्छ असतो हे मान्य करूनही, विलंबित ख्यालाची पूर्ण बैठक ऐकताना मला माझ्या डॅकचा मऊपणा अधिक मानवतो. अर्ध्या मिनिटाचे तुकडे उलटसुलट ऐकून ‘क’ की ‘ख’ असे सांगण्याच्या परीक्षेत मन ताणाखाली असते आणि संगीत बाजूला राहते, अशी माझी भूमिका आहे. कोणता डॅक लावल्यावर बैठक अर्धवट सोडून उठावेसे वाटत नाही, ही माझी कसोटी आहे.

श्रवणभक्तांना एक सूचना ऐकण्याच्या सामग्रीबद्दल करतो, कारण आपल्याकडे याचा विचार फारसा होत नाही. ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरून उतरवलेली जुनी नाट्यपदे आपल्याला कितीही प्रिय असली, तरी डॅकच्या परीक्षेला त्यांचा उपयोग नाही. त्यांत वरच्या कंपनसंख्या जवळजवळ नसतात आणि तबकडीची खरखर डॅकच्या गोंगाटापेक्षा कितीतरी पट मोठी असते. त्याऐवजी चांगल्या मुद्रणातला एकटा तानपुरा घ्या. जवारीत मूळ स्वराच्या वर स्वरांशांची जी लांबलचक माळ असते ती तार छेडल्यानंतर क्षणाक्षणाला रंग बदलते, आणि वरच्या भागात जरासा उतार असला तरी तो तेथे चटकन लक्षात येतो. त्यानंतर सारंगीचा गज, तबल्याची चाट आणि मैफलीच्या मुद्रणातील टाळ्या ऐका. टाळ्या वेगवेगळ्या ऐकू येतात की एकत्र मिसळून सरसर होते, हे पाहण्यासारखे असते. बायाँच्या घुमाऱ्यावरून मात्र डॅक पारखू नका. तेथे डॅकपेक्षा खोलीच अधिक बोलते.

भौतिकशास्त्र_अध्यापिका (होटगी रोड)

मंद्रसप्तक यांनी जो मऊपणा सांगितला आहे, तो केवळ मनाचा खेळ आहे असे मी म्हणणार नाही. उलट तो गणितातून काढता येतो. ओव्हरसॅम्पलिंगचा फिल्टर बंद केला की डॅक प्रत्येक नमुन्याचे मूल्य पुढचा नमुना येईपर्यंत धरून ठेवतो आणि आउटपुट पायऱ्यांचे होते. या धरून ठेवण्यामुळे वरच्या कंपनसंख्या हळूहळू दबतात. ४४.१ किलोहर्ट्झच्या फाइलसाठी हा उतार १० किलोहर्ट्झला सुमारे पाऊण डेसिबल आणि २० किलोहर्ट्झला ३.२ डेसिबल येतो. तरुण, निरोगी कानाला तो काही मुद्रणांत ओळखू येऊ शकतो, आणि तानपुऱ्यावर तो जाणवतो हे त्यांचे निरीक्षण याच्याशी जुळते. परंतु मग प्रश्न असा उरतो की हा गुण शिडीचा आहे की फिल्टर नसण्याचा? त्याचा निकाल लावणे सोपे आहे. श्रवणभक्तांच्या स्वस्त डॅकवर प्लेअरच्या इक्वलायझरने तोच उतार द्यावा आणि शिडीच्या डॅकशी त्याची तुलना करावी. ओळखता आले नाही, तर मऊपणाची किंमत शून्य रुपये आहे, हे समजून घेऊन ज्याला तो आवडतो त्याने खुशाल वापरावा.

परीक्षेतील ताणाबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. नाव झाकून ऐकण्याच्या पद्धतीत तुकडे छोटेच असावेत किंवा सगळे एका बैठकीत संपवावे, असा कोणताही नियम नाही. संपूर्ण विलंबित ख्याल ऐका, दुसऱ्या दिवशी पुढची फेरी करा. फक्त कोणता डॅक वाजतो आहे हे ऐकणाऱ्याला ठाऊक नसावे. अर्थात बारीक फरक पकडायचा असेल, तर लहान तुकडा पुन्हा पुन्हा ऐकणेच उपयोगी पडते, कारण ध्वनीच्या तपशिलाची तंतोतंत स्मृती फार थोडा वेळ टिकते. काल ऐकलेल्या जवारीचा दाटपणा आज ताडून पाहणे कोणाच्याच कानाला शक्य नाही.

नाव झाकण्याची गरज किती खरी आहे, हे ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ साली स्पीकरच्या बाबतीत दाखवून दिले. तेच श्रोते, तेच स्पीकर. पण स्पीकर डोळ्यांसमोर असताना आणि पडद्याआड असताना दिलेल्या गुणांत लक्षणीय तफावत पडली. स्पीकरमधले फरक मोठे असतात, तरीही असे झाले. डॅकमधले फरक त्या मानाने नगण्य असल्याने तेथे डोळ्यांचा वाटा अधिकच मोठा असणार.

आकडे कसे वाचावेत, हेही सांगते. नाणे उडवून डॅक निवडावा आणि अशा १६ फेऱ्या कराव्यात. काहीही ऐकू न येता केवळ अंदाजाने १६ पैकी १२ किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता ३.८ टक्के असते. म्हणून १२ हा उंबरठा धरण्याचा रिवाज आहे. याउलट ९ किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता ४० टक्के असते. ‘निम्म्यापेक्षा जास्त ओळखले’ एवढ्यावर समाधान मानणारे या ४० टक्क्यांत सहज सापडतात. फेऱ्यांची संख्या सुरू करण्यापूर्वी ठरवावी आणि मनासारखा निकाल दिसला म्हणून मध्येच थांबू नये.

उच्च दर्जाच्या ध्वनीबद्दलचे दोन अभ्यास येथे उपयोगी पडतील. मायर आणि मोरान यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उच्च दर्जाचा ध्वनी थेट ऐकवला आणि तोच सीडीच्या १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झच्या रूपांतरातून नेऊनही ऐकवला; ५५४ प्रयत्नांत बरोबर उत्तरे २७६ आली, म्हणजे निव्वळ नाणेफेकीइतकी. त्यांच्या काही मुद्रणांच्या मूळ दर्जावर पुढे आक्षेप घेतले गेले, हेही नोंदवले पाहिजे. २०१६ मध्ये जोशुआ राइस यांनी अशा अनेक प्रयोगांचे आकडे एकत्र केले, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण सुमारे ५२.३ टक्के निघाले. प्रशिक्षित श्रोत्यांमध्ये ते याहून जास्त होते. म्हणजे फरक असलाच तर तो शिकलेल्या कानाला, अनुकूल परिस्थितीत, कधीमधी सापडेल इतका आहे. हे प्रयोग दोन डॅकच्या तुलनेचे नव्हेत, तरी अपेक्षा किती ठेवावी याचा अंदाज त्यांवरून येतो.

आता सिनाडविषयी. डॅककडून १ किलोहर्ट्झचा सूर वाजवून घेतात, आउटपुटमधून तो सूर वजा करतात आणि उरलेला गोंगाट व विकृती मिळून सुराच्या किती डेसिबल खाली आहेत ते पाहतात. आदर्श १६ बिट मुद्रणाची मर्यादा सुमारे ९८ डेसिबल असते. आज माफक किमतीचे डॅकही ती ओलांडतात आणि उत्तम डॅक ११५ ते १२० च्या पुढे जातात. आता आपल्या खोलीचा हिशोब करा. उन्हाळ्यात पंखा बंद ठेवून ऐकणे सोलापुरात तरी शक्य नाही. पंखा चालू असलेल्या खोलीचा गोंगाट ४० डेसिबलच्या आसपास धरला आणि गायनाची सर्वांत मोठी तान खुर्चीपाशी ९५ डेसिबल धरली, तर मधले अंतर ५५ डेसिबल उरते. कान गोंगाटाच्या काहीसा खालचा सूरही पकडू शकतो, म्हणून आणखी १५ डेसिबलची सवलत दिली तरी ७० च होतात. अशा खोलीत १०५ आणि १२० सिनाड यांतला फरक ऐकू येण्यास वाव नाही. शहराच्या पूर्व भागात ज्यांच्या शेजारी यंत्रमाग चालतो, त्यांच्यासाठी हिशोब याहूनही सोपा आहे.

तरीही सिनाड ही पूर्ण कसोटी नव्हे, कारण फिल्टरचा आकार, हेडफोनच्या आउटपुटचा अवरोध आणि तुमच्या घरच्या जोडणीत येणारी गुरगुर त्यात दिसत नाही. शिवाय अलीकडची पुष्कळ मुद्रणे इतकी चढवून ठेवलेली असतात की दोन नमुन्यांच्या मधली लाट पूर्ण पातळीच्या वर जाते आणि काही डॅकच्या फिल्टरमध्ये ती कापली जाते. प्लेअरची पातळी ३ डेसिबल खाली ठेवली की बहुतेक वेळा हा प्रश्न मिटतो. श्रवणभक्तांनी दोन्ही डॅकसाठी ही खबरदारी घ्यावी.

श्रवणभक्त (जुळे सोलापूर)

आपण सर्वांनी इतक्या तळमळीने लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. मीटर मागून आणून मोजणी केली. जुना डॅक २ व्होल्टच्या किंचित खाली भरला आणि नवा २.४ च्या आसपास. पातळी सारखी करून पुन्हा ऐकल्यावर जो खुलेपणा मला पहिल्या दिवशी जाणवला होता, तो बराचसा ओसरला. नव्या डॅकमध्ये तानपुरा अजूनही किंचित वेगळा वाटतो, पण कोणता डॅक चालू आहे हे मला ठाऊक असल्याने त्यावर मी मत बनवत नाही.

अडचण अशी आहे की नाव झाकून ऐकण्यासाठी मदतनीस लागतो आणि घरात एवढ्या चिकाटीने नाणे उडवून बटण फिरवत बसणारे कोणी नाही. एकट्याने करता येईल असा मार्ग आहे का? तसेच स्पीकरच्या मागच्या भिंतीवर आपली सोलापुरी चादर टांगल्यास आवाज सुधारतो, असे एका परिचितांनी सुचवले आहे. खोली बारा फूट बाय दहा फूट असून खाली शहाबादी फरशी आणि वर स्लॅब आहे. यात तथ्य किती?

विद्युत्दुरुस्ती (अशोक चौक)

२ आणि २.४ म्हणजे सुमारे १.६ डेसिबल. पहिल्या दिवशी घरच्या सगळ्यांचे एकमत का झाले, ते यावरून उघड आहे.

आता गुरगुरीविषयी. चार्जर काढला की ती थांबते, याचा अर्थ डॅकची चिप ठीक आहे आणि प्रवाहाला फिरण्यासाठी एक नको असलेली वाट मिळाली आहे. लॅपटॉपच्या चार्जरमधून थोडा गळती प्रवाह यूएसबीच्या ग्राउंडवर येतो, तेथून डॅकमध्ये, डॅकमधून आरसीए केबलच्या जाळीवरून अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आणि तेथून घराच्या अर्थिंगकडे जातो. केबलच्या जाळीला जो थोडा अवरोध असतो, त्यावर पडणारे व्होल्टेज अ‍ॅम्प्लिफायर संगीत समजून मोठे करतो. जुन्या डॅकमध्ये हे जाणवत नसेल, तर त्याची ग्राउंडची रचना वेगळी असेल किंवा तो दुसऱ्या प्लगवरून चालत असेल. त्यावरून नवा डॅक सदोष ठरत नाही, पण तुमच्या घरात तो गुरगुरतो ही वस्तुस्थितीही तितकीच महत्त्वाची आहे. माझ्या मते सिनाडमधल्या दहा डेसिबलपेक्षा ही एक तक्रार खरेदीच्या निर्णयात जास्त वजनाची आहे.

पहिला उपाय म्हणून लॅपटॉपचा चार्जर, डॅक आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर आणा. फरक पडला नाही तर लॅपटॉपच्या यूएसबीमधून ऑप्टिकल आउटपुट काढणारे छोटे उपकरण घेऊन डॅकला ऑप्टिकल केबलने जोडा. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या तंतूतून प्रकाश जातो, वीज जात नाही, त्यामुळे ती वाटच तुटते. तिसरा प्लग-पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो कदापि ऐकू नका. गुरगुर थांबेल, पण उपकरणाच्या धातूच्या खोक्यावर वीज उतरली तर जिवावर बेतेल.

घराचे अर्थिंगही तपासून घ्या. जुन्या वाड्यांत तिसऱ्या पिनेला तार जोडलेलीच नसते, असे मी अनेकदा पाहिले आहे. ज्या घरांत अर्थिंगचा खड्डा कोळसा आणि मीठ घालून केलेला आहे, तेथे आपल्याकडच्या उन्हाळ्यात माती कोरडी पडते, तिचा अवरोध वाढतो आणि खड्ड्यात पाणी घालावे लागते. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधले व्होल्टेज मोजून घ्या; ते दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर आधी ते काम करा आणि मग डॅकचा विचार करा.

मंद्रसप्तक (विजापूर रोड)

चादरीबद्दल मी लिहितो, कारण हा प्रयोग मी माझ्या खोलीत केला आहे. भिंतीला चिकटवून टांगलेली चादर फक्त वरच्या कंपनसंख्या शोषते, त्यामुळे टाळी वाजवल्यावर येणारी कर्कश झणझण कमी होते, पण खर्जाला तिचा स्पर्शही होत नाही. तीच चादर दुहेरी घडी करून भिंतीपासून १० सेंटिमीटर पुढे टांगली, तर तिचा परिणाम ८००-९०० हर्ट्झपर्यंत खाली येतो आणि गायकाचा आवाज सुटा होतो. स्पीकर आणि खुर्ची यांच्यामध्ये शहाबादी फरशीवर जाड सतरंजी घातलीत तर आणखी उपयोग होईल.

आपल्या खोलीची मापे पाहता १२ फुटांच्या दिशेत ४७ हर्ट्झच्या आसपास आणि १० फुटांच्या दिशेत ५६ हर्ट्झच्या आसपास आवाज घुमत असणार. छतही १० फुटांवर असेल तर ५६ हर्ट्झचा घुमारा आणखी जोराचा होईल. तेथे होणारे चढउतार दहा डेसिबलच्या वर सहज जातात. खुर्ची मागच्या भिंतीपासून दोन-अडीच फूट पुढे घेऊन पाहावी. या बाबतीत अध्यापिकाबाईंशी मी पूर्ण सहमत आहे की एवढ्या मोठ्या गोष्टी तशाच ठेवून डॅकमधला फरक शोधणे योग्य नाही.

फिल्टरच्या उताराची जी परीक्षा त्यांनी सुचवली आहे, ती मी करून पाहीन. माझे मत असे आहे की शिडीच्या डॅकमध्ये उताराखेरीजही काही आहे; तसे असेल तर ते १६ पैकी १२ मध्ये दिसले पाहिजे, हे मला मान्य आहे. श्रवणभक्त, माझ्याकडे २४ बिट, ९६ किलोहर्ट्झचे मुद्रण करणारा ऑडिओ इंटरफेस आहे. आपल्याला हवा असल्यास घेऊन येतो, सोबत माझा डॅकही आणतो.

भौतिकशास्त्र_अध्यापिका (होटगी रोड)

इंटरफेस मिळत असेल तर मदतनिसाचा प्रश्न सुटला. प्रत्येक डॅकचे आउटपुट इंटरफेसमध्ये घेऊन तानपुऱ्याचा, सारंगीचा आणि टाळ्यांचा तोच तुकडा ९६ किलोहर्ट्झला मुद्रित करावा. इंटरफेसचा स्वतःचा गोंगाट खोलीच्या गोंगाटाच्या पुष्कळ खाली असल्याने तो आड येणार नाही. मुद्रण करताना चार्जर काढून ठेवावा, नाहीतर गुरगुरीवरूनच डॅक ओळखला जाईल.

त्यानंतर दोन कामे काळजीपूर्वक करायची आहेत. पहिले म्हणजे दोन्ही फाइलींची पातळी पुन्हा जुळवणे. १०० हर्ट्झचा सूरही सोबत मुद्रित करून ठेवला तर सॉफ्टवेअरमध्येच ती शंभरांश डेसिबलपर्यंत जुळवता येते. दुसरे म्हणजे सुरुवात नमुन्याला नमुना जुळवून कापणे. वेगवेगळ्या डॅकचे फिल्टर ध्वनीला वेगवेगळा उशीर लावतात, आणि फाइल बदलताना बारीकशी उडी ऐकू आली तर कान आवाजाऐवजी त्या उडीवरून उत्तर देतो. दोन्ही उपकरणांची घड्याळे किंचित वेगळ्या वेगाने चालतात, म्हणून तुकडा अर्ध्या मिनिटाहून मोठा घेऊ नये. लांब तुकड्यात शेवटी शेवटी पुन्हा सरक पडते. या वेगातल्या फरकामुळे स्वर बदलल्याची शंका कोणाला येऊ नये म्हणून सांगते: दशलक्षात ५० भागांचा फरक धरला तरी तो एका श्रुतीच्या शंभराव्या भागाहूनही लहान भरतो.

मग फूबार २००० या प्लेअरचा एबीएक्स हा नाव झाकून तुलना करवणारा जोडभाग वापरावा. तो स्वतःच गुपचूप निवड करतो, उत्तरे नोंदवतो आणि शेवटी शक्यताही काढून देतो. पहिल्या काही फेऱ्या सरावाच्या म्हणून वगळायच्या असतील तर तसे आधीच कागदावर लिहून ठेवावे. मुद्रणे येथे जोडता आली तर अवश्य जोडावीत, फाइलींना नावे देताना फक्त क, ख, ग अशी अक्षरे वापरावीत आणि कोणते अक्षर कोणत्या डॅकचे हे सगळ्यांचे निकाल जमा झाल्यावरच सांगावे. शिडीच्या डॅकचे मुद्रण दोनदा लागेल, एकदा फिल्टर बंद ठेवून आणि यंत्रात सोय असल्यास एकदा फिल्टर लावून. आणि श्रवणभक्तांच्या जुन्या डॅकचेही दोनदा, एकदा सरळ आणि एकदा १० किलोहर्ट्झला पाऊण व २० किलोहर्ट्झला ३.२ डेसिबलचा उतार देऊन.